पोस्टकार्डाची पाठ

काशीच्या पंचगंगा घाटाचे एक जुने चित्र-पोस्टकार्ड माझ्या संग्रही आहे. ‘माधवरावांचे धरहरे’ म्हणून ख्यात असलेले आलमगीर मशिदीचे दोन्ही मिनार त्यावर दिसतात. पैकी एक १९४८ साली कोसळला, दुसराही पुढे उतरविण्यात आला. आता ते दृश्य केवळ अशा कार्डांवरच उरले आहे.

म्हणूनच कार्डे गोंदाने वहीत चिकटविणे मला मान्य नाही. पृष्ठांकित धनादेश उलटून पाहिल्याविना आपण वटवितो का? तिकीट, शिक्का, यात्रेकरूने कळविलेली खुशाली, सारे पाठीवरच असते. पूर्वी पाठ केवळ पत्त्यासाठी राखीव असे. ब्रिटनने १९०२ साली तीवर मजकुरास मुभा दिली. कार्डाचा काळ ठरविण्यास एवढी खूणही उपयोगी पडते. माझे कार्ड कोणीतरी चिकटविलेले होते. सोडविताना शिक्क्यातील तारीख गोंदाबरोबर गेली.