रा. वाटेवर

मराठी माणसाचा पत्ता ‘मु. पो.’ने सुरू होतो ही गोष्ट इतकी सवयीची झाली आहे की तिच्यातील विसंगती आपल्या लक्षातही येत नाही. मुक्काम हा मूळचा प्रवाशाचा शब्द. तांडा उतरतो तो मुक्काम, पालखी विसावते तो मुक्काम. उद्या पहाटे येथून उठायचे आहे, हे त्या शब्दात गृहीतच असते. ज्याच्या सात पिढ्या एकाच गल्लीत नांदल्या तोही पाकिटावर ‘मुक्काम’ लिहितो, आणि ज्याचे आयुष्य खरोखरच मुक्कामांचे बनलेले आहे त्याच्याजवळ मात्र लिहिण्यासारखे ‘मु. पो.’ नसते. ‘राहणार’चेही तसेच. खरेदीखतात, फिर्यादीत नावापुढे ‘रा. फैजपूर’ असे येते तेव्हा त्या ‘रा.’मध्ये सवयीचा आणि भविष्याचा, असे दोन्ही अर्थ मिसळलेले असतात. हा येथे राहत आला आहे आणि पुढेही राहणार आहे. अधिवासाची कायदेशीर कल्पना नेमकी या दोन पायांवर उभी आहे : प्रत्यक्ष वास्तव्य आणि तेथेच राहण्याचा इरादा. कायद्याला जे सांगायला दोन कलमे लागतात ते मराठीने एका कृदंतात बसवले आहे. प्रश्न एवढाच की, ज्याचा इरादा राहण्याचा नसून चालत राहण्याचा आहे त्याने ‘रा.’पुढे काय लिहावे?

अमेरिकेत या प्रश्नाला एक चमत्कारिक उत्तर मिळालेले आहे. तेथे चाकांवरच्या घरात, ज्याला ते ‘आरव्ही’ म्हणतात, बारमाही राहणारे बरेच लोक आहेत. घर विकले, गाडी घेतली, ऋतूप्रमाणे फिरायचे. परंतु वाहन-परवाना, विमा, कर आणि मतदान यांसाठी कोणत्या तरी एका राज्याचे असावेच लागते. मग ही मंडळी राज्य ‘निवडतात’. साउथ डकोटा, टेक्सास आणि फ्लोरिडा ही तीन नावे त्यांच्यात विशेष लोकप्रिय, कारण तेथे राज्याचा आयकर नाही. साउथ डकोटात तर एका रात्रीच्या मुक्कामाची पावती आणि टपाल सांभाळणाऱ्या एखाद्या सेवेचा पत्ता एवढ्यावर वाहन-परवाना मिळत आला आहे. २०२३ साली तेथील विधिमंडळाने मतदारनोंदणीसाठी तीस दिवसांच्या वास्तव्याची अट घातली तेव्हा या लोकांत बरीच अस्वस्थता पसरली. हे सगळेच हौसेने निघालेले नसतात. ‘नोमॅडलँड’ या २०२० सालच्या चित्रपटातील नायिका ज्या एम्पायर गावची आहे तेथील जिप्समचा कारखाना २०११ साली बंद पडला आणि त्याच वर्षी गावाचा टपाल-क्रमांकही रद्द झाला. माणसे वाटेला लागली, त्यांच्यामागे पत्ताही उरला नाही. तरीही त्यांना नवा पत्ता निवडता येतो, आणि सरकार त्यांच्या शब्दावर तो मान्य करते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

हे सारे फार दूरचे वाटेल. पण आमचे फैजपूर ज्या बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्यावर वसले आहे त्याचे एक टोक मध्य प्रदेशात आणि दुसरे गुजरातेत आहे, आणि त्या रस्त्याने चाकांवरची घरे मोटारींच्या फार आधीपासून जात आली आहेत. गाडीलोहारांचे घर म्हणजे त्यांची गाडीच. चितोड पडल्यावर त्यांच्या पूर्वजांनी शपथ घेतली की गड परत मिळेपर्यंत छपराखाली राहणार नाही, अशी त्यांची परंपरा सांगते. १९५५ साली पंतप्रधान नेहरूंनी त्यांना समारंभपूर्वक चितोडच्या किल्ल्यात नेले आणि शपथ फिटल्याचे जाहीर झाले. शपथ फिटली, गाडी मात्र थांबली नाही. (हेच नेहरू १९३६च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून आले होते. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. त्यासाठी नंदलाल बोस यांच्या कल्पनेतून बांबू-चटयांचे टिळकनगर उभे राहिले आणि अधिवेशन संपताच उठले. आमच्या गावाचे देशाच्या इतिहासातले स्थान अशा उठून गेलेल्या नगरामुळे आहे, याची गावातल्या पक्क्या घरांना आठवण असलेली बरी.) पश्चिमेकडे, धुळे जिल्ह्यातील साक्री-शिंदखेड्याच्या बाजूला ठेलारी मेंढपाळ आहेत. पावसाळा सरला की मेंढ्या, घोडी आणि पाठीवरचे बिऱ्हाड घेऊन ते निघतात. कापणी झालेल्या शेतात मेंढ्या बसवायच्या, लेंडीखताच्या बदल्यात धान्य वा पैसे घ्यायचे, वाडा उचलायचा आणि पुढचे शेत गाठायचे. शेतकऱ्याला ते हवे असतात, तेही ठरावीक महिन्यांत. गावाला मात्र त्यांचे नाव ठाऊक नसते.

अमेरिकेतील गाडीवाल्याने राज्य निवडले तर त्याच्या करात फरक पडतो. आमच्याकडे राज्य बदलले की माणूस कोण आहे हेच बदलते. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आहे, कर्नाटकात अनुसूचित जातींत, तर आंध्र-तेलंगणात लंबाडा म्हणून अनुसूचित जमातींत. जामनेर-चाळीसगावच्या तांड्यातला माणूस आणि त्याचा कर्नाटकातला सोयरा यांची बोली एक, देव एक, पण सवलतींच्या याद्या वेगळ्या. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली मर्री चंद्रशेखर राव खटल्यात स्पष्ट केले की, एका राज्यातील अनुसूचित जाती-जमातीचा दर्जा माणसाबरोबर दुसऱ्या राज्यात जात नाही. तेव्हा ‘तुमचे राज्य कोणते?’ हा प्रश्न येथे अधिक जड आहे, आणि त्याचे उत्तर देण्याचा अधिकार फिरत्या माणसाकडे नाही. ते उत्तर तारीख देते. महाराष्ट्रात विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी ती तारीख २१ नोव्हेंबर १९६१ ही आहे. त्या सुमारास आपले पूर्वज या राज्यात होते याचा पुरावा आणा. १९६१ साली ज्याचा आजोबा तीन जिल्हे ओलांडत होता आणि शाळेच्या पटावर कधी चढलाच नाही, त्याने पुरावा कोठून आणावा? दरवर्षी प्रवेशाच्या हंगामात महाविद्यालयाच्या खिडकीपाशी या तारखेमुळे अडलेली मुले उभी असतात. त्यांच्याकडे आधारकार्ड असते. पण आधारच्या कायद्यातच, नवव्या कलमात, म्हटले आहे की हा क्रमांक नागरिकत्वाचा वा अधिवासाचा पुरावा नव्हे.

येथे एक गंमत सांगितली पाहिजे. प्रदीप जैन खटल्यात १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, भारतात अधिवास एकच, भारताचा. राज्याचा वेगळा अधिवास ही भाषाच चुकीची आहे. असे असून आपल्या प्रत्येक तहसील कार्यालयात अधिवासाच्या दाखल्यासाठी रांग असते आणि महाराष्ट्रात त्यासाठी सामान्यतः पंधरा वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. न्यायालयाने नाकारलेली भाषा कारकुनाने जिवंत ठेवली आहे. याउलट मोटारींबाबत सरकारला सत्य उमगलेले दिसते. एका राज्यातील गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक ठेवली तर नवी नोंदणी करावी लागते, हा मोटार वाहन कायद्याचा नियम. बदलीच्या नोकरीवाल्यांना त्याचा जाच होई. म्हणून २०२१ साली ‘बीएच’ मालिका आली. सैन्यातले, केंद्र-राज्य सरकारांतले आणि चार वा अधिक राज्यांत कचेऱ्या असलेल्या कंपन्यांतले लोक आपल्या गाडीला एमएच १९ वा एमएच १८ असा जिल्ह्याचा शिक्का न लावता भारताचाच क्रमांक लावू शकतात. राज्य नसलेली मोटार कायदेशीर झाली. तीन राज्यांत मेंढ्या चारणारा माणूस अजून व्हायचा आहे.

पण आमचा मुख्य मुद्दा मतदारयादीशी संबंधित आहे, कारण तेथे उपाय आयता लिहिलेला आहे. १९५० सालच्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या विसाव्या कलमात ‘सर्वसाधारण रहिवासी’ म्हणजे कोण याची चर्चा आहे. ते कलम आम्ही साहित्याचे शिक्षक म्हणून वाचले आणि त्यातील माणुसकीने थक्क झालो. केवळ घर मालकीचे आहे म्हणून कोणी तेथला रहिवासी ठरत नाही. तात्पुरता बाहेर गेला म्हणून कोणाचे रहिवासीपण जात नाही. खासदार-आमदार कामासाठी मतदारसंघाबाहेर राहिले तरी ते तेथलेच. सैनिक सीमेवर असला तरी, नोकरी नसती तर तो जेथे राहिला असता त्या गावचा मानला जातो. राष्ट्रपतींसारख्या घोषित पदांवरील व्यक्तींचेही तसेच. यातील कळीचा भाग पुढे आहे. ‘मी एरवी अमुक ठिकाणी राहिलो असतो’ असे या लोकांनी विहित नमुन्यात लिहून दिले की, उलट पुरावा नसेल तर, ते खरे धरले जाते. म्हणजे साउथ डकोटातील गाडीवाल्याला मिळणारी सवलत आपल्या कायद्याने सैनिकाला आणि राष्ट्रपतींना १९५० सालापासूनच देऊ केली आहे. माणसाचा शब्द हाच त्याचा पत्ता. २०१० साली परदेशस्थ नागरिकांसाठी आणखी एक कलम जोडले गेले. पासपोर्टवरील गाव हे त्यांचे गाव. न्यू जर्सीतला माणूस जळगावचा मतदार राहू शकतो.

या यादीत मेंढपाळ, गाडीलोहार, नंदीवाले का नसावेत? त्यांनीही एक गाव निवडावे, जेथे पावसाळा काढतात ते, देव आहे ते किंवा मुले आजीजवळ शिकतात ते, आणि लिहून द्यावे. आज त्यांच्यासाठी बेघरांचा नियम आहे. अर्जात दिलेल्या ठिकाणी मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री जाऊन माणूस तेथे खरोखर निजतो का ते पाहावे, तसे आढळले तर पत्त्याचा कागद लागत नाही. शहरातील पुलाखाली हा नियम चालेल. वाड्यावर चालत नाही, कारण अधिकारी पोहोचेपर्यंत मेंढ्या दुसऱ्या शिवारात बसलेल्या असतात. २०२५ साली बिहारात यादीचे विशेष पुनरीक्षण झाले तेव्हा मसुद्यातून सुमारे पासष्ट लाख नावे गळाली. त्यात मृतांबरोबर स्थलांतरित आणि पत्त्यावर न सापडलेले यांचा भरणा मोठा होता. ‘पत्त्यावर न सापडणे’ हे ज्यांचे जगणेच आहे त्यांच्यासाठी ही बातमी परप्रांतातली नव्हे.

फिरत्या माणसाची नोंद ठेवता येत नाही, असे मात्र सरकारने म्हणू नये. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली ती फार चोख ठेवली जात असे. पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायला परवाना, मुक्कामाची नोंद. संशय होता तोवर प्रत्येक मुक्काम लिहिला गेला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला, माणसे ‘विमुक्त’ झाली, आणि मग सन्मानाने लिहून ठेवण्याजोगे त्यांच्यात काही आहे असे कोणाला वाटले नाही. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाड्या’त (१९१५) फिरस्त्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. निरीक्षण विलक्षण बारीक, पण दृष्टी वसलेल्या गावाची, त्यामुळे फिरस्ता तेथे प्रायः ओझे म्हणून येतो. वाटेवरून लिहिलेला मजकूर यायला ‘उपरा’ (१९८०) आणि ‘गबाळ’ (१९८३) यांची वाट पाहावी लागली. ही पुस्तके आम्ही वर्षानुवर्षे शिकवतो. शैली, बोली, वेदना यांवर प्रश्न काढतो. मुलाला शाळेत घालणे म्हणजे त्याला एका गावाचा करणे, हा जो पेच लक्ष्मण माने यांनी ‘उपरा’त उभा केला आहे त्यावर मात्र आम्हा प्राध्यापकांकडून सहसा प्रश्न निघत नाही.

याहून वेगळा नमुना मराठीत आहे, आणि तो सरकारी नाही. चौदाव्या शतकातील महानुभावांची ‘स्थानपोथी’ ही चक्रधरस्वामी जेथे जेथे थांबले त्या जागांची वही आहे : गाव, देऊळ, दाराची दिशा, बसण्याची आणि निजण्याची जागा. ज्याने अनुयायांना एका जागी गुंतू नका असे शिकवले त्याच्या मुक्कामांची ही नोंद प्रेमाने ठेवलेली आहे. अशी एखादी मुक्कामपोथी फिरत्या कुटुंबाजवळ असावी. ज्या गावी वाडा पडला त्या ग्रामपंचायतीचा शिक्का आणि तारीख, एवढेच. ती वास्तव्याचा पुरावा म्हणून दाखल्यासाठी चालावी. पण पोथी कुटुंबाच्या गाठोड्यात राहिली पाहिजे, पोलीस ठाण्याच्या कपाटात नव्हे. नाहीतर हजेरी नव्या नावाने परत येईल. २०११ सालची यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना जमीन आणि घर देते, आणि ज्यांना वसायचे आहे त्यांना ते मिळालेच पाहिजे. भटकंतीचे गोडवे गाणे आमच्यासारख्या पगारी घरवाल्यांना सोपे असते, हे आम्ही जाणतो. आमचे म्हणणे एवढेच की, नागरिक होण्याची किंमत म्हणून मेंढ्या विकाव्या लागू नयेत. शिधापत्रिकेबाबत हे साधलेही आहे. २०१९ साली महाराष्ट्र-गुजरात यांच्यात सुरू झालेली सोय २०२२पर्यंत देशभर पोहोचली आणि धान्य माणसामागे जाऊ लागले. पहिली पत्रिका काढताना पत्ता लागतो, ती अडचण तेवढी तशीच आहे.

यावर हमखास घेतला जाणारा आक्षेप असा की, शब्दावर पत्ता मानला तर एकेकाची दोन-दोन ठिकाणी नावे येतील. दोन मतदारसंघांत नाव असण्यास कायद्याची मनाई आहेच, आणि ती फिरत्यालाही लागू राहील. शिवाय नोकरी पुण्यात, फ्लॅट पुण्यात आणि नाव मात्र दोन्ही याद्यांत असे सुशिक्षित मतदार वाचकांच्याही परिचयाचे असतील. त्यांच्या गावच्या घरी ते निजतात की नाही हे पाहायला रात्री कोणी अधिकारी कंदील घेऊन गेल्याचे आम्ही तरी ऐकलेले नाही.