विहाराच्या अंगणात पेव्हर ब्लॉक नकोत, मुलं हवीत



गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या विहाराच्या कमिटीने एक ठराव केला. विहारासमोरच्या मोकळ्या जागेत पेव्हर ब्लॉक बसवायचे, दिवसा ती गाड्यांच्या पार्किंगला द्यायची आणि लग्नसराईत मांडवासाठी भाड्याने. तिथे रोज संध्याकाळी साडेपाच ते सात चालणारा मुलांचा कराटे, लाठी आणि खेळांचा वर्ग बंद. कारण असं दिलं गेलं की विहार हे धम्माचं ठिकाण आहे, तिथे हाणामारी शिकवू नये, त्यापेक्षा मुलांना अभ्यासाला बसवावं.

कमिटीत आमचेच काका-मामा आहेत. त्यांनी वर्गणी काढून, अंगावर विटा वाहून हा विहार उभा केला, ते आम्ही विसरलेलो नाही. त्यांच्याशी आमचं वैर नाही. पण हे मत फक्त त्यांचं नाही. खेळ म्हणजे वेळ घालवणं आणि शरीर म्हणजे दुय्यम गोष्ट, ही समजूत आपल्या समाजात घट्ट बसली आहे, चळवळीतल्या शिकलेल्या माणसांत तर जास्तच. म्हणून हा वाद जाहीरपणे घालतो आहोत.

आधी 'अभ्यासाला बसवा' याबद्दल. बाबासाहेबांनी 'शिका' म्हटलं आणि आपण त्याचा अर्थ 'बसा' असा लावला. सकाळी शाळा, दुपारी ट्युशन, संध्याकाळी गाइड, रात्री मोबाईल. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं, त्यात एका कोपऱ्यात पोरगं वही घेऊन बसलेलं, टीव्ही चालू, आई स्टोव्हपाशी. ते पोरगं तिथे अभ्यास करत नाही, अंग चोरून बसायला शिकतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी किमान ६० मिनिटं चांगली दमछाक होईल अशी हालचाल करावी. आमच्या वस्तीतल्या किती मुलांना ती मिळते, ते कमिटीने एकदा मोजून बघावं.

कुणी म्हणतं, आपली पोरं काय कमी कष्ट करतात? पाण्याचे हंडे भरतात, सुट्टीत बापाबरोबर सेंट्रिंगच्या कामावर जातात, हाच व्यायाम. इथे मात्र आम्ही ठाम विरोध करतो. कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या शरीराचा वापर गावाने पिढ्यान्पिढ्या केला. मेलेलं ढोर ओढा, सरपण फोडा, वेशीवर रात्रभर जागा. ते शरीर बळकट होतं, पण त्यांच्या मालकीचं नव्हतं. ते कधी वाकायचं, कुठे उभं राहायचं, कुणाच्या सावलीपासून किती लांब, हे सगळं दुसऱ्याने ठरवलेलं. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही बोर्दिए वाचला, माणसाचं सामाजिक स्थान त्याच्या चालण्या-बसण्यात कसं मुरतं ते शिकलो. खरं तर त्यासाठी पुस्तकाची गरज नव्हती. तलाठ्यासमोर उभ्या राहिलेल्या आमच्या बापाच्या खांद्यांकडे पाहिलं असतं तरी कळलं असतं. मूल स्वतःच्या मर्जीने पळतं, उडी मारतं, पडतं आणि पुन्हा उठतं, तेव्हा ते शरीर पहिल्यांदा त्याचं होतं. हंडा वाहून हे घडत नाही.

आता हाणामारीचा आरोप. आमच्या वर्गात सुरुवात मुठीने होत नाही, ती विष-अमृतने होते. सगळ्यांना ठाऊक असलेला खेळ. राज्य असलेल्याने 'विष' म्हणून शिवलं की जागच्या जागी थिजायचं, आणि सोबत्याने 'अमृत' म्हणून शिवलं की सुटायचं. ज्या देशात आपल्या माणसांच्या शिवण्याने पाणी बाटत होतं, त्या देशातल्या आपल्या मुलांना सोबत्याच्या शिवण्याने सुटका होते हे खेळता खेळता कळतं. मग लंगडी, कोलांटउडी, तोल सांभाळणं. शेवटची पंचवीस मिनिटं कराटे किंवा लाठी. त्यातही मारण्यापेक्षा थांबण्याचा सराव जास्त. 'यामे' म्हटलं की ठोसा आहे तिथे थांबला पाहिजे, समोरच्याच्या छातीपासून चार बोटांवर. हे थांबणं सगळ्यात अवघड असतं. दहा वर्षांचा एक मुलगा आला तेव्हा शाळेत कुणी आडनावावरून डिवचलं की सरळ दगड उचलायचा. शाळेने दोनदा बापाला बोलावलं होतं. आठ-नऊ महिन्यांनी पुन्हा तसंच झालं, तेव्हा तो मुठी आवळून उभा राहिला, मग वर्गशिक्षिकेकडे गेला आणि कोण काय बोललं ते शब्दशः सांगितलं. दगड उचलणाऱ्याची तक्रार कुणी लिहून घेत नाही. त्याची लिहून घेतली गेली.

हा फक्त आमचा अनुभव नाही. अमेरिकेत लेक्स आणि हॉइट या अभ्यासकांनी २००४ साली शाळकरी मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. तीन महिने तायक्वांदो शिकलेल्या मुलांची स्वतःला आवरण्याची क्षमता, नेहमीच्या पीटीच्या तासाला जाणाऱ्या मुलांपेक्षा जास्त वाढलेली दिसली. त्याआधी १९८६ मध्ये ट्रलसन यांनी गुन्हेगारीकडे वळलेल्या किशोरांचे गट करून पाहिलं होतं. ज्यांना तायक्वांदो त्यातल्या आदर-संयमाच्या शिकवणीसकट शिकवलं त्यांची आक्रमकता घटली. ज्यांना नुसती लढाई शिकवली त्यांची वाढली. अभ्यास लहान आहेत, त्यांचं ओझं आम्ही फार ताणणार नाही. पण दुसरा निष्कर्ष कमिटीच्या काकांनी आणि आम्हीही नीट ऐकावा. शील काढून टाकलं तर लाठी ही नुसती लाठी उरते. मनात दुसऱ्या धर्माचा द्वेष भरून पोरांच्या हातात लाठ्या देणारे वर्ग या देशात कमी नाहीत. आणि आपल्याकडे? जयंतीच्या मिरवणुकीत तलवार नाचवून रील काढणारा आमचाच भाऊ, तोही त्याच वाटेवर आहे. तीन महिन्यांत परीक्षेची फी घेऊन पट्ट्यावर पट्टे विकणाऱ्या दुकानांबद्दल तर बोलायलाच नको.

'धम्मात हे बसत नाही' असं म्हणणाऱ्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' पुन्हा उघडावा. तरुण सिद्धार्थ शिकारीला जायला नकार देतो. शिकारीशिवाय नेम कसा साधणार, क्षत्रियाला युद्धकला कशी येणार, असं गौतमी त्याला समजावते. तो मानत नाही. आम्ही त्याच्याच बाजूचे आहोत. जीव न घेताही नेम शिकता येतो. (शाओलिनमध्ये बोधिधर्माने कुंग फू शिकवलं, ही व्हॉट्सॅपवरची गोष्ट कृपया पुरावा म्हणून कुणी पाठवू नये. इतिहासकार तिला दंतकथा मानतात. आपल्याला दंतकथांची गरज नाही.)

गरज नाही, कारण आपल्याकडे इतिहास आहे. पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम होती. मांग समाजातल्या या वस्तादाकडे जोतीराव फुले दांडपट्टा शिकले. जोतीरावांनी अस्पृश्यांसाठी काढलेल्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तालीम आणि शाळा एकमेकींच्या आड आल्या नाहीत, हातात हात घालून चालल्या. पुढे पळवणकर बाळू. पुण्याच्या जिमखान्यात गोऱ्या साहेबांना वर्षानुवर्षं गोलंदाजी करत राहिला, पण त्याच्या हातात बॅट दिली जात नव्हती. मैदानावर सवर्ण सोबत्यांना त्याने टाकलेला चेंडू चालायचा, चहा मात्र त्याला पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला कधी मिळालं नाही. ते त्याचा भाऊ विठ्ठल याला १९२३ मध्ये मिळालं. याच बाळूला १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने बाबासाहेबांविरुद्ध उभं केलं, हेही आम्हाला ठाऊक आहे. राजकारणात तो चुकीच्या बाजूला होता म्हणून मैदानावरची त्याची लढाई पुसली जात नाही.

आणि महाड. २० मार्च १९२७. देवळात घुसणार अशी अफवा उठवून जेवणाऱ्या, परतीला निघालेल्या आपल्या माणसांवर हल्ला झाला, बायका-मुलांनाही मारलं. बाबासाहेबांसोबत पलटणीतून निवृत्त झालेले, शस्त्र चालवलेले लोक होते. त्यांच्या हातून महाडमध्ये काय झालं असतं ते सांगायला नको. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं आणि ते थांबले. दुबळ्या माणसाच्या न मारण्याला कुणी संयम म्हणत नाही. त्यांचा तो संयम होता, कारण ते मारू शकत होते. आमच्या वर्गातलं 'यामे' इतकंच आहे.

मुलींबद्दल थोडक्यात, कारण मुलींच्या आया आमच्यापेक्षा नीट बोलतात. बारावं वर्ष लागलं की मुली वर्गाला येणं बंद होतं. 'स्वसंरक्षणासाठी येऊ द्या' असं आम्हीही आधी म्हणायचो. आता म्हणत नाही. अत्याचार थांबवण्याची जबाबदारी मुलीच्या ठोशावर टाकणं चूक आहे, ती पोलिसांची आणि पोरांच्या बापांची आहे. मुलीने यावं कारण तिलाही धावायचं आहे, मोठ्याने ओरडायचं आहे, दमून जमिनीवर आडवं पडायचं आहे.

राहिला जागेचा प्रश्न. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात शाळेला मैदान असावं असं स्पष्ट लिहिलं आहे. आमच्या मुलांच्या शाळेचं मैदान म्हणजे दोन इमारतींमधली गल्ली, तिथे मुख्याध्यापकांची गाडी उभी असते. वस्तीपलीकडे हिरवं टर्फ झालं आहे, तासाचं भाडं आमच्या बायकांच्या दोन दिवसांच्या धुणीभांड्याच्या कमाईएवढं. मग पोरगं वीस वर्षांचं होतं, पोलीस भरतीची जाहिरात निघते, आणि मुलं १६०० मीटरसाठी, मुली ८०० मीटरसाठी पहाटे हायवेच्या कडेने ट्रकमधून वाट काढत पळू लागतात. गोळाफेकीचा गोळा बरेच जण तेव्हाच पहिल्यांदा हातात धरतात. आपण म्हणतो, पोरांत दम नाही. दम कुठे करायला दिला होता?

पार्किंगचं भाडं विहाराला लागतं, हे आम्हाला मान्य आहे. रंगरंगोटी, वीजबिल, बुद्धपौर्णिमेचा खर्च. म्हणून कमिटीपुढे आमचा प्रस्ताव असा आहे : ब्लॉक बसवू नका, माती राहू द्या, कोलांटउडी मातीवर घेतात. लग्नाला जागा द्या, आठवड्यातून एक दिवस आम्ही वर्ग ठेवणार नाही. गाड्या रात्री साडेसातनंतर लावा. भाड्यात तूट आली तर वर्गाचे माजी विद्यार्थी, आता नोकरीला लागलेले सात जण, दर महिन्याला ती भरतील. तसं त्यांनी लेखी दिलं आहे.

रविवारी सकाळी वंदनेनंतर बैठक आहे. मुलं येणार आहेत, मागच्या भिंतीपाशी बसतील. बोलायची परवानगी मिळाली तर त्यांच्यातली एक आठवीतली मुलगी बोलेल. तिला काय बोलायचं ते आम्ही विचारलेलं नाही.