परसातली कोंबडी अंडी का देत नाही?



दिल्लीच्या हिंदूराव भागातील एका भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या परसात दीड वर्षाच्या चार कोंबड्या आहेत. दिवाळीपर्यंत त्या नियमाने अंडी देत होत्या. पुढे एकेक करून चौघींनीही ती बंद केली. दाणापाणी पूर्वीचेच आहे. घरातील वडील मंडळींचे म्हणणे, फुकट पोसण्यापेक्षा खाटकाला द्याव्यात. बाई मूळच्या कोल्हापूरकडच्या. "आमच्या गावी थंडीत अंडी कमी होत, पण अशी साफ बंद होत नसत," असे त्या लिहितात.

या शेवटच्या वाक्यातच निम्मे उत्तर आहे. कोंबडीचे अंडे दाण्यावर अवलंबून असते, तितकेच उजेडावरही असते. हा उजेड तिला केवळ डोळ्यांवाटे मिळतो असे नाही. तो कवटीतून थेट मेंदूपर्यंत झिरपतो आणि तेथून अंडाशयाला चालना मिळते. दिवस चौदा तासांच्या आसपास असला की हे काम जोमाने चालते. तो आखूड होऊ लागला की मंदावते. डिसेंबरच्या अखेरीस कोल्हापूर-कागलकडे दिवस सुमारे अकरा तासांचा असतो, दिल्लीत मात्र जेमतेम सव्वादहा तासांचा. उलट जूनमध्ये दिल्लीचा दिवस चौदा तासांना टेकतो. म्हणजे उत्तरेकडील कोंबडीला हा चढउतार अधिक सोसावा लागतो.

योगायोग असा की, ज्यांच्या नावाने हा भाग ओळखला जातो ते हिंदूराव घाटगे कागलच्याच घराण्यातले, बायजाबाई शिंद्यांचे बंधू. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा 1835 मध्ये खून झाल्यावर टेकडीवरील त्याचा वाडा हिंदूरावांनी घेतला. 1857 च्या संग्रामात त्याच वाड्याभोवती घनघोर लढाई झाली, आणि आज तेथे हिंदूरावांच्याच नावाचे रुग्णालय आहे. कागलपासून येथपर्यंत सुमारे बारा अक्षांशांचे अंतर आहे. कोंबडी ते अंतर आपल्यापेक्षा बरोबर ओळखते!

दुसरे कारणही याच दिवसांतले. वर्ष-दीड वर्षाची कोंबडी शरदाच्या सुमारास जुनी पिसे टाकून नवी घेते. पीस हे जवळजवळ सगळे प्रथिनांचेच बनलेले असते. अंगावर नवा पोशाख चढवायचा आणि अंडेही द्यायचे, हे दोन्ही खर्च तिला एकदम झेपत नाहीत. खुराड्यात पिसांचा सडा पडला असेल, मान उघडी दिसत असेल, तर दोन-तीन महिने धीर धरावा. या काळात केवळ पोळीचे तुकडे आणि उरलेला भात घालू नये; त्याने पोट भरते, पण पीस येत नाही. शेंगदाण्याची पेंड, मोड आलेले कडधान्य, थोडी सुकट मिळाल्यास ती द्यावी.

तरीही प्रत्येक कोंबडी एकदा हाती घेऊन पाहणे अगत्याचे आहे. पूर्वी आजीबाई सकाळी कोंबडी चाचपून आज अंडे आहे की नाही ते सांगत. ती विद्या टाकाऊ नाही. शेपटीखाली दोन टोकदार हाडे लागतात. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या या हाडांमध्ये दोन-तीन बोटे मावतात, तुरा लाल व टवटवीत असतो, गुदद्वार रुंद आणि ओलसर असते. हाडांत जेमतेम एक बोट मावत असेल आणि तुरा सुकलेला असेल, तर तिने खरोखर अंडी बंद केली आहेत. पण सर्व खुणा अंडी देणारीच्या असून अंडे मात्र दिसत नसेल, तर चोर शोधावा! टेकडीवरच्या विलायती कीकरांच्या जाळीत ती गुपचूप घालत असेल, किंवा मुंगूस-कावळे नेत असतील. चार दिवस दुपारपर्यंत कोंबड्यांना खुराड्यातच ठेवावे. बहुतेक अंडी सकाळीच घातली जातात, त्यामुळे उलगडा होतो.

कोंबडी दिवसभर घरट्यात फुगून बसत असेल आणि हात नेताच चिडत असेल, तर ती खुडूक झाली आहे. तिला पाण्यात बुचकळणे किंवा नाकपुडीत पीस खुपसणे हे निव्वळ क्रौर्य होय. तळाला जाळी असलेल्या, खालून वारा खेळणाऱ्या पिंजऱ्यात दाणापाण्यासह चार-पाच दिवस ठेवले की पुरते.

टरफलासाठी दर अंड्यामागे सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागते. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवावा. दिल्लीत तो सहज न मिळाल्यास अंड्यांची टरफले धुऊन, भाजून, बारीक कुटून घालावीत. रात्री बॅटरी घेऊन बसण्याच्या दांडीच्या फटीही पाहाव्यात. रक्त पिणारे लाल किडे दिवसा तेथे दडून राहतात.

दुकानदाराच्या सांगण्यावरून पाण्यात औषधे मात्र कालवू नयेत. त्यांचा अंश अंड्यातून मुलांच्या पोटात जातो. मान वाकडी होणे, हिरवट पातळ विष्ठा, धाप ही लक्षणे राणीखेत रोगाची असू शकतात. आपल्याकडे यालाच मानमोडी म्हणतात. त्यावर इलाज नाही, प्रतिबंधक लस आहे. एकाएकी अनेक पक्षी मेले तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. 2006 मध्ये नवापूरला बर्ड फ्ल्यू आढळल्यापासून ही दक्षता परसातल्या चार कोंबड्यांनाही लागू आहे.

पत्रलेखिकेच्या कोंबड्या खातात-पितात, चपळ आहेत, एकीची मान उघडी आहे. तेव्हा त्या आजारी नाहीत, म्हाताऱ्याही नाहीत. घरापुरती अंडी हवी असतील तर विश्रांती घेऊ द्यावी, असे माझे मत आहे. दिवस वाढू लागले की फेब्रुवारीच्या सुमारास त्या बहुधा पुन्हा सुरू करतील. घाईच असेल, तर नवी पिसे आल्यावर खुराड्यात लहानसा दिवा लावावा. तो पहाटे लावावा, संध्याकाळी नव्हे. सायंकाळचा दिवा एकदम विझला की अंधारात कोंबड्यांना दांडी सापडत नाही. दर आठवड्यास अर्धा तास वाढवीत एकूण उजेड चौदा तासांपर्यंत न्यावा आणि वेळ चुकवू नये. आणखी एक: दिल्लीच्या थंडीत कीव येऊन कोणी बंद खुराड्यात पेटती अंगीठी ठेवतात. तिच्या विषारी वायूने कोंबड्या रात्रीत मरतात. कोरडा भुसा आणि वारा अडविणारे एक गोणपाट त्यांना पुरेसे आहे.