ओपनिंग

‘ओपनिंग’ म्हटले की आमच्या चिंचपाड्यात नव्या दुकानाची फीत, नारळ आणि पेढे डोळ्यांसमोर येतात. क्रिकेटवेड्या मुलांना सलामीची जोडी आठवते, नोकरीच्या शोधातील पदवीधराला रिकामी जागा. बँकेत आयुष्य घालविलेल्या मला मात्र ‘ओपनिंग बॅलन्स’, म्हणजेच आरंभीची शिल्लक. (निवृत्त झालो तरी सवय जात नाही.) ही शिल्लक कधीच नवी नसते, ३१ मार्चची अखेरची रक्कमच १ एप्रिलला पहिल्या ओळीत येऊन बसते.

आपल्या नववर्षाचेही तसेच आहे. कार्तिक अमावस्येस पावापुरी येथे भगवान महावीरांचे निर्वाण झाले, गौतमस्वामींना केवलज्ञान प्राप्त झाले आणि प्रतिपदेपासून वीर निर्वाण संवत मोजले जाऊ लागले. एका समाप्तीवरच हा आरंभ उभा आहे.

काही वर्षांपूर्वी चोपडापूजनाच्या आदल्या दिवशी एक तरुण व्यापारी माझ्याकडे आला. वडील नुकतेच निवर्तले होते. म्हणाला, “काका, बाबांनी एका शेतकऱ्याकडून हातउसने पैसे घेतले होते. कागद कुठेच नाही. नव्या वहीत ते आणलेच नाहीत तर?”

मी विचारले, “बाबांची उधारीची येणी आणलीस?”

“आणली.”

तो बराच वेळ गप्प बसला, मग चहा न घेताच उठला. दुसऱ्या दिवशी त्याच्या पेढीवर गेलो. पहिल्या पानावर ‘श्री’ होता, गौतमस्वामींचे नाव होते आणि देण्याच्या बाजूस सर्वांत वर त्या शेतकऱ्याचे.