परदेशी जाणाऱ्याची तपासणी कोणासाठी?

बैलबाजारात गिऱ्हाईक बैलाचे दात पाहते, खूर पाहते, चार पावले चालवून पाहते. ही तपासणी गिऱ्हाइकाच्या सोयीची असते. बैलाचे दुखणे बरे करणे हा तिचा हेतू नसतो. आखाती देशांत मजुरीला जाणाऱ्या आपल्या मुलांची वैद्यकीय तपासणीही बरीचशी अशीच असते, हे आम्हांला स्पष्ट सांगावेसे वाटते.

जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातून (२०१६ साली त्याचे चार जिल्हे झाले), विशेषतः निर्मल व मंचिर्याल या बाजूने, कित्येक वर्षांपासून माणसे दुबई, सौदी अरेबिया, कुवेत, कतार येथे कामाला जातात. कापसाने हात दिला नाही आणि कर्ज डोईजड झाले, की घरातला धडधाकट मुलगा पासपोर्ट काढतो. धडधाकट आहे असे आपण समजतो. खरे काय ते पुढे कळते.

ही तपासणी आखाती राष्ट्रांनी मान्य केलेल्या केंद्रातच करावी लागते, आणि आपल्याकडचे लोक त्यासाठी बहुधा हैदराबादला जातात. छातीचा एक्स-रे काढतात. एचआयव्ही, कावीळ ब व क, गुप्तरोग यांसाठी रक्त तपासतात. शेवटी कागदावर 'फिट' किंवा 'अनफिट' एवढा शब्द येतो. पूर्वी बऱ्या झालेल्या क्षयाचा डाग फुप्फुसावर दिसला तरी माणूस अनफिट ठरतो. प्रमाणपत्राची मुदत थोडी असते. व्हिसाला उशीर झाला तर पुन्हा पैसे भरून पुन्हा तपासणी. तिकडे उतरल्यावर राहण्याच्या परवान्यासाठी आणखी एकदा तपासतात, आणि तीत दोष निघाला तर परत पाठवतात.

खरे नुकसान होते ते खर्चाच्या क्रमामुळे. आधी सावकाराचे कर्ज, मग एजंटला पैसे, आणि तपासणी सर्वांत शेवटी. अनफिट ठरलेला मुलगा घरी येतो तेव्हा नोकरी गेलेली असते आणि व्याज मात्र चालू असते. आजाराचे पुढे काय करायचे, हे त्याला कोणी धड सांगितलेले नसते.

याच व्यवहारात फिलिपिन्स देशाने काय केले ते पाहण्यासारखे आहे. तेथूनही लाखो माणसे आखातात जातात. त्यांच्या २०१० च्या कायद्याने मजुराला अमुकच दवाखान्यात जा अशी सक्ती करण्यास मनाई केली. शिवाय, येथे फिट ठरवलेला मजूर तेथे पोचताच अनफिट निघाला, तर त्याला परत आणण्याचा व पाठवण्याचा खर्च तपासणाऱ्या दवाखान्याने भरावा, असेही ठरवले. आखाती केंद्रांच्या संघटनेने याविरुद्ध न्यायालयात वाद घातला. पण २०१६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने सक्तीवरील बंदी उचलून धरली.

आपल्याकडे प्रवासी भारतीय विमा योजना आहे. इमिग्रेशन मंजुरी लागणाऱ्या पासपोर्टवर कामाला जाणाऱ्यास ती सक्तीची आहे. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये. आजारामुळे किंवा अनफिट ठरल्यामुळे पहिल्या बारा महिन्यांत मालकाने काम तोडले, तर परतीच्या विमानाचे भाडे तीत मिळते. हे चांगलेच आहे. पण एजंटला दिलेली रक्कम त्याने परत येत नाही. तपासणाऱ्या केंद्रावर जबाबदारी टाकणारा कायदा आपल्याही देशात व्हावा, आणि तपासणीचा निकाल मजुराला त्याच्या भाषेत समजावून द्यावा, असे आमचे मत आहे.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर शेतकरी बंधूंनो, एवढे तरी करा. पेरणीपूर्वी आपण मूठभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून उगवण पाहतो. तसेच कर्ज काढण्यापूर्वी मुलाला सरकारी रुग्णालयात न्या. आदिलाबादला रिम्स आहे. परदेशी जायचे आहे असे डॉक्टरांना सांगा व छाती आणि रक्त तपासून घ्या. सरकारी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते व निकाल गुप्त ठेवतात. २०१७ च्या कायद्याने तसे बंधनच आहे. एजंट सरकारी नोंदणीचा आहे का ते विचारा. कायद्याप्रमाणे त्याची फी ३०,००० रुपये व त्यावरील कर याहून अधिक नसावी. आणि दिलेल्या पैशाची पावती घ्या.

मुलगा अनफिट ठरला, तर आयाबायांनो, ते लपवून ठेवू नका. क्षयाचे औषध सरकार फुकट देते. साधारण सहा महिने नियमाने घेतले तर रोग बरा होतो. उपचार चालू असता पोषणासाठी महिन्याला १,००० रुपयेही मिळतात. कावीळ क बहुतेकांची काही महिन्यांच्या गोळ्यांनी बरी होते. कावीळ ब ची देखरेख आणि एचआयव्हीची औषधेही सरकारी रुग्णालयात मोफत आहेत. लाजेपायी सहा महिने घरात काढले तर रोग वाढतो आणि घरातल्या लेकरांनाही धोका होतो. गावात कोणी असा परतला असेल, तर व्हिसा का हुकला हे विचारत बसण्यापेक्षा त्याच्याबरोबर दवाखान्यापर्यंत जावे. परदेश हुकला तरी त्याला शेतात आणि संसारात अजून पुष्कळ वर्षे काढायची आहेत.