प्रयोग रद्द करता येतो

गेल्या वर्षी एका सत्कारात निवेदकाने तो किस्सा सांगितलाच. ‘पत्नी दवाखान्यात, चौथ्या महिन्यात मूल गेलेलं, आणि हा माणूस पोटाला उशी बांधून गरोदर बाईच्या सोंगात हाउसफुल्ल थिएटरला हसवत होता!’ टाळ्यांचा कडकडाट झाला. माझी बायको तिसऱ्या रांगेत होती. ती टाळ्या वाजवत नव्हती. मी मात्र हात जोडून उभा होतो.

त्या जोडलेल्या हातांची लाज वाटते, म्हणून हे लिहितो आहे.

आपल्या रंगभूमीला असल्या कथांचं व्यसन आहे. १२ मार्च १९११ रोजी ‘संगीत मानापमान’चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची मुलगी गेली, आणि तरीही ते भामिनी म्हणून उभे राहिले. नाटकात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट कुणीतरी ऐकवतंच. शंभर वर्षांत तिची पोथी झाली. पण त्या रात्री त्या मुलीच्या आईजवळ कोण होतं, हे सांगणारा मला अजून भेटलेला नाही.

विनोदी नटाची तर आणखी पंचाईत. रडवणाऱ्याचं दुःख भूमिकेत खपून जातं. हसवणाऱ्याचं विकलं जातं. ‘आत रडतो, बाहेर हसवतो’ म्हटलं की काम झालं.

खरं सांगू? त्या रात्री मी आत रडतही नव्हतो. नाटकाचे चारशेच्या वर प्रयोग झाले होते. उशी सरकली की लाफ, ती वर ओढली की त्याहून मोठा लाफ. नेहमीच्या जागी नेहमीचा हशा आला. टायमिंग अंगवळणी पडलेलं असतं. दुःखाच्या दिवशी पोळ्या लाटणाऱ्या बाईचे हातही चुकत नाहीत. तिचा सत्कार कुणी करत नाही.

मग मी गेलो कशाला? मायबाप रसिकांसाठी नाही. निर्माता नाराज झाला असता, माझी नाईट बुडाली असती. आणि मुख्य म्हणजे, दवाखान्यातल्या त्या खोलीत बसायचं धैर्य माझ्यात नव्हतं. त्यापेक्षा रंगमंच सोपा होता.

एक आक्षेप मला मान्य आहे. प्रयोग रद्द झाला की बॅकस्टेजच्या माणसांचीही नाईट बुडते, आणि त्यांची चूल त्यावरच पेटते. तर मग मुख्य भूमिकेसाठी तालमीत तयार केलेला बदली नट ठेवा. रद्द प्रयोगाची नाईट कामगारांना मिळेल अशी तरतूद करा. त्याला पैसे लागतात. दंतकथा फुकटात पडते, म्हणून आपण ती सांगत बसतो.

आणि प्रेक्षकांना मायबाप म्हणतो ना आपण? मग पडद्यापुढे येऊन खरं कारण सांगा, तिकिटाचे पैसे परत करा. कुठले मायबाप खुर्च्या मोडतील?

सत्काराहून परतताना गाडीत बायकोने विचारलं, ‘त्या रात्री किती वाजता आलास, आठवतं?’ मला आठवेना. ‘साडेबारा. कानामागे रंग तसाच होता.’ पुढे घरी पोचेपर्यंत ती काही बोलली नाही.

आयोजकांना विनंती आहे : माझी ओळख करून देताना तो किस्सा वगळा. सांगायचाच असेल, तर आधी तिला विचारा.