सरासरीचा भार कोणावर?

गणेशचतुर्थीच्या किंवा दसऱ्याच्या सुमारास खानदेशात कापूस खरेदीचा मुहूर्त होतो. काट्याची पूजा होते आणि दोन-चार क्विंटल कापसाला हौसेने चढा भाव दिला जातो. दुसऱ्या दिवशी तो भाव वर्तमानपत्रात झळकतो, पारावर त्याची चर्चा रंगते. पुढे हंगामभर जो कापूस जिनिंगच्या फाटकातून आत जातो, त्याला मिळणारा भाव बहुधा निराळा असतो. मुहूर्ताचा भाव खोटा नसतो; त्यामागचे वजन मात्र नगण्य असते. सरासरी काढताना या वजनाचा विसर पडला, की आकडे बरोबर असूनही हिशेब चुकतो.

समजा, एका शेतकऱ्याने ३ क्विंटल कापूस ७,००० रुपये भावाने आणि २७ क्विंटल ६,४०० रुपये भावाने विकला. दोन भावांच्या बेरजेला दोनाने भागले, तर सरासरी ६,७०० रुपये येते. प्रत्यक्षात त्याच्या हाती एकूण १,९३,८०० रुपये पडले. त्यांना ३० क्विंटलांनी भागले असता खरी सरासरी ६,४६० रुपयेच भरते. क्विंटलमागे २४० रुपयांचा हा फरक ३० क्विंटलांवर ७,२०० रुपयांचा होतो. हे उत्पन्न केवळ कागदावर जन्मलेले असते. सोसायटीचे कर्ज, बियाण्याची उधारी वा मुलीच्या वसतिगृहाचे शुल्क त्यातून फिटत नाही.

प्रत्येक भावाला त्या भावाने गेलेल्या मालाच्या वजनाने गुणावे, गुणाकारांची बेरीज करावी आणि तिला एकूण वजनाने भागावे, एवढीच काय ती भारित सरासरीची रीत. ही रीत शाळेत शिकविली जाते आणि पुष्कळदा शाळेच्याच कचेरीत विसरली जाते. एका तुकडीतील २० विद्यार्थ्यांपैकी १८ उत्तीर्ण झाले, दुसरीतील ८० पैकी ४०. टक्केवारी अनुक्रमे ९० आणि ५०. म्हणून शाळेचा निकाल ७० टक्के लावावयाचा काय? शंभरांत उत्तीर्ण झाले अवघे ५८. उरलेल्या बारा टक्क्यांच्या आड मोठ्या तुकडीतील मुलांचे अपयश दडते आणि तेथे जादा तासांची गरज आहे, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

जिल्ह्यांच्या बाबतीतही हेच घडते. २०११ च्या जनगणनेनुसार साक्षरता जळगाव जिल्ह्यात सुमारे ७८, धुळे जिल्ह्यात सुमारे ७३, तर १९९८ साली धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात सुमारे ६४ टक्के होती. या तिहींची साधी सरासरी ७२ च्या आत राहते. परंतु जळगावची लोकसंख्या ४२ लाखांवर, धुळ्याची साडेवीस लाखांच्या आसपास व नंदुरबारची साडेसोळा लाखांच्या आसपास होती. हा भार दिला, की खानदेशाची सरासरी ७४ च्या जवळ जाते. हा आकडा अधिक खरा आहे. पण तो नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांवरील निरक्षरता अधिकच झाकतो, हेही तितकेच खरे. भार योग्य दिला म्हणजे प्रश्न मिटला, असे नव्हे. तो नेमका कोठे आहे, हे पाहण्याची जबाबदारी उरतेच.

नोकरदाराला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. त्याचा महागाई भत्ता ज्या औद्योगिक कामगार ग्राहक किंमत निर्देशांकावर आधारलेला असतो, तो स्वतःच एक भारित सरासरी आहे. २००१ हे पायाभूत वर्ष असलेल्या मालिकेत खाद्यपदार्थांचा भार शंभरांत ४६.२० होता, २०१६ च्या मालिकेत तो ३९.१७ झाला. अन्नधान्य १० टक्क्यांनी आणि इतर सर्व गोष्टी ४ टक्क्यांनी महागल्या, तर या नव्या भारानुसार महागाई सुमारे ६.३५ टक्के ठरते. परंतु ज्या घरात शंभरातील ६० रुपये किराणा, दूध आणि भाजीपाल्यावर जातात, तेथे ती ७.६ टक्के असते. तासिका तत्त्वावरील अध्यापक वा पेढीवरचा दिवाणजी यांना तर हा भत्ताही नसतो. वाढलेल्या भावाचा सारा भार त्यांच्या तुटपुंज्या मिळकतीवरच पडतो.

१९६३ साली मुंबईत निर्देशांकाच्या हिशेबावरून कामगारांनी आंदोलन केले आणि प्रा. डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमावी लागली. आकडेमोड हा केवळ तज्ज्ञांचा विषय नाही, हे त्या वेळी गिरणगावातील सामान्य कामगाराने ओळखले होते.

खानदेशातील शिक्षकांनी हाच धडा काटापट्टी आणि किराण्याची यादी फळ्यावर मांडून शिकवावा. बाजार समित्यांनी किमान, कमाल आणि सर्वसाधारण दरांच्या जोडीला कोणत्या भावाने किती माल गेला, हेही जाहीर करावे. आणि वाचकाने कोणतीही सरासरी समोर आली, की एकच प्रश्न विचारावा : भार कशाला दिला आणि किती? ज्याला हा प्रश्न विचारता येतो, त्याला नुसत्या आकड्याने फसविणे सोपे राहत नाही.